दुसऱ्या भागाचा शेवट

“पाच माणसं झाल्याबिगर मशीन चालू करता येत न्हाई, ताई,” ज्ञानूमामा म्हणाले. शिरूरच्या त्या थिएटरात तिकिटं फाडायचं काम त्यांचंच. “दोनच हायेत. तुम्ही आन् ते.”

‘ते’ म्हणजे पोस्टरकडे पाठ करून उभा असलेला एक उंच तरुण. राखाडी स्वेटर, वाढलेली दाढी. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, खिडकीशी गेला आणि आणखी तीन तिकिटं घेऊन आला.

“झाले पाच,” तो म्हणाला.

थंडीतला बुधवार होता, दुपारचा शो. रांजणगावच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे, बुधवारी माझी सुट्टी. खोलीवर आम्ही तिघी, पण तिघींच्या शिफ्टा वेगळ्या. एकमेकींचे वाळत घातलेले कपडे दिसायचे, माणूस दिसायचं नाही. कामाशिवाय एक शब्दही न बोलता माझे चार-चार दिवस जायचे. गावी, राहूला, घरी गेलं की आईचा एकच विषय, स्थळ. म्हणून सुट्टीला मी शिरूरला यायचे.

सिनेमा होता ‘विवरतळ’चा दुसरा भाग. पहिला भाग लोकांनी डोक्यावर घेतला होता. चंद्रावरचं ठाणं, आणि बाहेरच्या अंधारातलं काहीतरी, जे मेलेल्या माणसांच्या आवाजात हाक मारतं. दुसरा भाग एका नवख्या दिग्दर्शकाकडे गेला, आणि लोक त्याच्यावर तुटून पडले. यात ठाण्यावर एकच बाई उरते आणि हळूहळू ती त्या आवाजाला उत्तरं द्यायला लागते. कुठला पंखा बिघडला, आज भाजी कशी झाली… काही जण म्हणत होते, आपल्याकडं असं कुणी केलंच नाही. बाकीचे म्हणत होते, भुताशी गप्पा मारते, ही कसली भीती?

मध्यंतरात चहाच्या टपरीवर आम्ही दोघंच.

“उठून गेला न्हाईत तुम्ही,” तो म्हणाला.

“खोलीवर एकजण नाइट करून झोपलीय. पाचपर्यंत भांडं वाजवायची सोय न्हाई. जाऊ कुठं?”

तो हसला, पण जरा लागल्यासारखा. “म्हंजी आवडला न्हाई.”

“असं कुठं म्हटलं…” चहा फार गरम होता. मी पेल्यात बघत म्हणाले, “ती त्या आवाजाला विचारती ना, तुला मीठ कमी लागतं का? तिथं लोकं हसतात म्हणे. मला न्हाई आलं हसू.”

“मग?”

“मग काय… रडले. तुम्ही तीन ओळी मागं होता, म्हणून आवाज न करता.”

त्याच्या हातातला पेला तसाच राहिला.

सिनेमा सुटल्यावर तो पायऱ्यांवर माझी वाट बघत थांबला होता. “आन् शेवट?”

“खोटा,” मी म्हणाले. “एवढं सगळं बोलली त्याच्याशी, आन् दार उघडून मुकाट मरायला निघून जाती? घरातनं निघताना माणूस मांजराला सुद्धा सांगतं.”

तो पोस्टरपाशी गेला. तळाशी असलेल्या दिग्दर्शकाच्या नावावर बोट ठेवलं. “पृथ्वीराज. मीच तो. शेवट माझा न्हवता, निर्मात्यांनी बदलायला लावला… पण मी हो म्हणालो. म्हंजी माझाच झाला.”

माझे कान तापले. तो यवतचा होता. हायवेला त्याच्या वडिलांचं खतांचं दुकान. महिनाभर मुंबईचे फोन न उचलता तो तिथंच बसत होता.

शुक्रवारी सिनेमा उतरला. पण पुढच्या बुधवारी थिएटरसमोर त्याची मोटारसायकल उभी होती. मग त्याच्याही पुढच्या… असे सहा बुधवार. आम्ही घोड नदीच्या काठाला बसायचो. वरच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जायच्या, वाऱ्याला हिरवा गोड वास यायचा. “लोकांच्या शिव्यांचं मला काय वाटत न्हाई,” असं म्हणून तो मोबाइलवर त्या एकेक वाचून दाखवायचा. एकदा मी मोबाइल काढून घेतला आणि माझ्या पर्समध्ये टाकला. निघायची वेळ होईपर्यंत त्यानं तो परत मागितला नाही.

“तुमच्या हातांना वास कसला येतो?” त्यानं एकदा विचारलं.

“थिनरचा. पार्ट पुसावे लागतात.”

“सिनेमात वास दाखवता येत न्हाई… न्हाईतर घेतला असता.”

“वास?”

“हात,” तो म्हणाला, आणि नदीकडं बघत राहिला.

सातव्या बुधवारी त्यानं आल्या आल्या सांगितलं. हैदराबादहून बोलावणं आलं होतं, शनिवारी दौंडहून गाडी धरायची होती. सिनेमा मोबाइलवर यायचा होता, आणि त्याचा मूळ शेवट जोडायला परवानगी मिळाली होती. काम चांगलं झालं तर पुढचा सिनेमाही तिथंच.

“जाऊ का?” त्यानं विचारलं.

“मला कशाला विचारता?”

“तुम्ही राहा म्हणालात तर राहीन. दुकान हायच.”

तो शब्द माझ्या ओठांवर होता. एका शब्दात तो माझा झाला असता. दर बुधवारी, नदीकाठी, पोत्यांचा हिशेब संपवून आलेला. मी थिनरनं फाटलेल्या नखांकडं पाहिलं आणि म्हणाले, “जा.”

“बस? एवढंच?”

“एवढंच.”

त्यानं मोटारसायकलला किक मारली. मागं वळून पाहिलं नाही.

शनिवारी मी अर्धी रजा टाकली, दोन एसट्या बदलून दौंड स्टेशन गाठलं. हैदराबादची गाडी दुपारची. तो फलाटाच्या टोकाला बॅगेवर बसला होता. मला बघून उभा राहिला.

“मला तुम्ही आवडता,” मी म्हणाले. धाप लागली होती. “एवढं सांगायला आले. थांबवायला न्हाई.”

“मग बुधवारी का न्हाई सांगितलं?”

“बुधवारी सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता.”

गाडी फलाटाला लागली. त्यानं माझा हात धरला, दोन्ही हातांत, आणि लोक धक्के देत चढत असताना तसाच धरून ठेवला. मीच सोडवला. गाडी सुटल्यावर फलाटावर एक कुत्रं आणि मी, एवढेच उरलो.

एसटीनं पाटस सोडलं तेव्हा मोबाइल वाजला.

“काय झालं?” मी विचारलं.

“काय न्हाई. भिगवण गेलं.”

“मग?”

“मग कुर्डुवाडी येईल.”

मला हसू आलं, आणि त्या हसण्यातच रडूही. खिडकीकडं तोंड फिरवलं.

“हर्षदा,” तो म्हणाला, “मलापण… म्हंजी, माझंपण तेच हाय. ऐकतीस ना तू?”

त्यानं मला पहिल्यांदाच ‘तू’ म्हटलं होतं.

“ऐकतीय,” मी म्हणाले. चौफुला यायच्या आत रेंज गेली. कंडक्टर येऊन उभा राहिला, कुठं जायचंय म्हणून दोनदा विचारलं, तरी मी मोबाइल कानावरून काढला नाही.