दुसरं माप

“साचा हातात आला की आधी डोळे मीट. बोट फिरव. डोळे फसतात, बोट फसत नाही.” मला दातांचं काम शिकवणारे उस्ताद असं सांगायचे. ते गेले, लॅब माझ्याकडे आली, पण ती सवय राहिली. दवाखान्यातून रबरी मापं येतात, मी त्यांत प्लास्टर ओतते, आणि साचा सुकला की डोळे मिटून दातांवरून बोट फिरवते. सकाळचा दिवा लावून झाला की दिवसाचं पहिलं काम हेच.

त्या दिवशीचं माप एका बाईचं होतं. झोपेत दात खाते म्हणून तिला रात्री घालायचं गार्ड हवं होतं. बोट मागच्या दाढेवरून पुढे आलं आणि थांबलं. आत वळलेली दाढ, मग फट, मग वाकडा सुळा. ही वाट माझी जीभ रोज चालते. ते माझं तोंड होतं.

एक फरक सोडून. माझा वरचा पुढचा दात तिरका तुटलेला होता. साच्यातला अखंड होता.

तो दात कसा तुटला हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. लहानपणी माझी धाकटी बहीण मागच्या अंगणातल्या उघड्या हौदाच्या काठावर चढली. तिचा तोल गेला. मी धावले, तिची वेणी हातात आली आणि माझं तोंड दगडी काठावर आपटलं. दात गेला, बहीण राहिली. तेव्हापासून माझा एकच नेम: रोज दिव्यापुढे बसून देवाचे आभार मानायचे, मागायचं काही नाही.

मग ज्या बाईचा हा दात अखंड आहे, ती धावली नसणार.

मी स्वतःलाच हसले. सारख्या चेहऱ्याची माणसं असतात, तशी तोंडंही असतील. गार्ड करून पाठवून दिलं.

आठवड्यानं डॉक्टरांचा फोन आला. “बाई, तुमचं काम कधी परत येत नाही, पण हे काही बसत नाही. दुसरं माप पाठवतो.”

दुसऱ्या मापात तो दात कोपऱ्यावर उडालेला होता. तिरका, नखाच्या टोकाएवढा. माझी जीभ नकळत माझ्या दातावर गेली. जिथे ती एरवी खरचटायची, तिथे घसरली.

आरशात पाहिलं. दात थोडा भरून आला होता.

संध्याकाळी धाकटीकडे गेले. ती दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहते, मुलांच्या शिकवण्या घेते. डोक्याला टॉवेल गुंडाळून बसली होती.

“आत्ता न्हालीस?”

“सकाळी ग. केस वाळतच नाहीत मेले.” ती हसली. “आणि पोरं कुठे उलथलीत कुणास ठाऊक. एकही आलं नाही. त्या बडबड्या कार्टीची आई दारावरून गेली, हाक मारली तर माझ्या आरपार बघून पुढे. एवढी का मी वाईट शिकवते?”

“माझा दात बघ.”

तिनं जवळ येऊन पाहिलं. “अय्या, नीट करून घेतलास? इतकी वर्षं माझ्या नावानं मिरवत होतीस, आता लोकांना काय सांगशील?” मग आवाज उतरला. “ताई, मगाशी तू खालून हाक मारलीस का?”

“नाही.”

“तुझाच आवाज होता. रडका.”

तिच्या मानेवरून पाण्याची धार खांद्यावर उतरली. तिला ती जाणवली नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या दाराला आतून कडी घालून मी मशीन चालू केलं आणि माझा दात पूर्वीसारखा तिरका घासला. कळ मस्तकात गेली. उजाडलं तेव्हा दात पुन्हा भरलेला. परिणाम घासून कारण परत येत नाही, एवढं मला तरी कळायला हवं होतं.

दिव्यापुढे बसले, पण ती बाई मनातून हलेना. तीही अशीच बसत असणार. मला आभार मानायला बहीण होती. तिच्यापाशी नुसतं मागणं असणार, माझ्या आभारांइतकंच जुनं, एकही दिवस न चुकलेलं. असं मागणं देवानं ऐकलं, तर त्याला बोल कसा लावू? पण बहीण एकच असेल तर?

जन्मात पहिल्यांदा मी मागायला हात जोडले. ओठांतून आभारच बाहेर पडले.

दुपारी धाकटीचा फोन आला. आवाज खूप खोलातून आल्यासारखा. “ताई, येऊन बस ना माझ्याजवळ. गार वाटतंय.”

“आलेच. मी येईपर्यंत कुणाला ओ देऊ नकोस.”

“नक्की येशील?”

“वचन.”

फोन ठेवते न ठेवते तोच पुन्हा वाजला. डॉक्टर होते. “बाई, ते गार्ड राहू द्या. पेशंट येऊन गेल्या. आता शांत झोप लागते म्हणाल्या. पुढचा दात मात्र पार तुटलाय. म्हटलं, नीट करून देतो. तर नको म्हणाल्या, असाच हवाय.”

“कुठे गेल्या?”

“धाकट्या बहिणीकडे. शब्द दिलाय म्हणे.” मग म्हणाले, “फार हळू बोलतात हो. तुमच्यासारख्याच.”

मी हातावरचं प्लास्टर धुतलं. दिवे मालवले. कुलूप लावलं, ओढून पाहिलं. चपला घातल्या आणि निघाले.

पहिली गल्ली संपत आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी धावत नव्हते.