शिवलेल्या बाह्या

तुमचा कोट त्या खुंटीवर लावा आणि बसा. तुम्ही बघायला आलात ते हातमशीन मी काढून ठेवलंय, पण आधी तुमच्या चेहऱ्यावरचा प्रश्न मिटवू. एवढ्या थंडीत ही म्हातारी बिनबाह्यांचा झगा घालून का बसते, हेच ना? सगळेच बघतात, विचारत कुणी नाही. आमचे हे म्हणतात, "मी हट्टी आहे, एवढं सांगून मोकळी हो." हट्टी आहेच मी. पण या हट्टाला कारण आहे, आणि ते एकदा पहिल्यापासून सांगावंसं वाटतं.

मी जुनी शिलाई मशिनं गोळा करते. माळ्यावरून, अडगळीतून, बंद पडलेल्या दुकानांतून. दुरुस्त करते, काही लोकांना देते, बरीचशी द्यायला जीव होत नाही म्हणून ठेवून घेते. या दोन खोल्यांत आज चाळीस आहेत. आमच्या ह्यांचं टेबल सरकत सरकत मागच्या दारापर्यंत गेलंय. अजून एक मशीन आलं की आपण अंगणात, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

या कामात एक रीत आहे. मशीन बंद ठेवताना रिकामं ठेवायचं नाही. सुईशेजारी कापड दाबून धरणारा पाय असतो, त्याच्याखाली कापडाचा तुकडा सारून ठेवायचा, नाहीतर तो पाय आणि खालचे दाते एकमेकांना झिजवतात. त्यामुळे जुनं मशीन आलं की बहुतेक वेळा त्याच्या पायाखाली एक चिंधी मिळते. त्या घरात शेवटचं शिवलेलं काहीतरी. ती मी काढते, वहीत चिकटवते आणि खाली तारीख घालते. लोक तिकिटं जमवतात, मी चिंध्या जमवते. कुणाचं काही बिघडत नाही, असं मला वाटायचं.

आठ वर्षांपूर्वी, अशाच थंडीत, मंगळवारी दुपारी एक बाई हातगाडीवर मशीन घेऊन आली. चाळिशीची असेल. गाडीवाल्याबरोबर स्वतः हात लावून तिने ते आत आणलं. पायाने चालवायचं जड मशीन, अंगावरची सोनेरी वेल अर्धी पुसलेली. चाक फिरवून बघितलं तर जागचं हलेना.

"काकू, चालू होईल का हे?"

"माझ्याकडून अजून एकही न चालता गेलेलं नाही. कुणाचं आहे?"

"बाबांचं. शिंपी होते. दोन महिने झाले त्यांना जाऊन." बोलताना तिने दोन्ही हात सदऱ्याच्या लांब बाह्यांत ओढून घेतले होते. नुसती बोटांची टोकं दिसत होती. "भाऊ भंगारात घालतोय. मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांब, चालू झालं तर माझं. तर हसला. म्हणाला, चालू होईलही, तू बसशील का त्याच्यावर?"

"का? बसायला काय झालं?"

तिने दाराकडे बघितलं, जणू तिथे कुणी उभं आहे. "बाबा हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, मी जिवंत असताना नाही आणि मेल्यावरही नाही. मी शेजारच्या बाईंकडे चोरून शिकले. वीस वर्षं दुसऱ्यांच्या मशिनांवर शिवतेय, काकू. एकदा या मशीनवर एक सरळ शिवण घालायचीय मला. एकच. मग गेलं भंगारात तरी चालेल."

मला ती बाई आवडली. माझ्या हातात पहिल्यांदा पाना बघून सासूबाईंनी आठ दिवस अबोला धरला होता, तेव्हा हे दुखणं माझ्या ओळखीचं होतं.

ती गेल्यावर मी कामाला लागले. सुई खाली रुतलेली, पायाखाली करड्या रंगाचा जाड तुकडा. काढला, घडीसकट वहीत चिकटवला. चाकाचा पट्टा कुजला होता, तो काढून टाकला. खालच्या दोऱ्याची बॉबिन रिकामी होती. सांध्यांत रॉकेल सोडलं, जुनं वाळलेलं तेल फुगायला ठेवलं, आणि बाकीचं उद्यावर टाकलं.

बुधवारी सकाळी करडा तुकडा पुन्हा मशीनच्या पायाखाली होता. वही उघडली. पानावर डिंकाचा चौकोन तेवढा उरला होता.

"चेष्टा सुचतेय तुम्हाला?" मी आत ओरडले.

"तुझ्या वहीला हात लावून मला जेवायचं नाहीये का?" हे तिथूनच म्हणाले. खोटं बोलले की यांचे कान लाल होतात. बाहेर येऊन उभे राहिले तेव्हा कान होते तसेच होते.

मी तुकडा काढून पुन्हा चिकटवला, वर इस्त्री ठेवली आणि कामाला बसले. खिडकीतून चांगलं ऊन आत येत होतं, रस्त्यावर भाजीवाली ओरडत होती. भुताखेताची वेळ म्हणावी असं काही नव्हतं. मी चाकाचा स्क्रू सैल करत होते, तेवढ्यात खालून आवाज आला. कर्र... खट. कर्र... खट. पायाने दाबायची खालची पट्टी आपली आपण खालीवर होत होती. पट्टाच नव्हता, तेव्हा वरचं मशीन गप्प. आणि ओल्या लोकरीवर तापलेली इस्त्री फिरवली की येतो तसला वास खोलीभर पसरला. माझी इस्त्री तर गार, वहीवर ठेवलेली.

मी घाबरले. उगाच कशाला खोटं बोलू? हातातला स्क्रू घरंगळून गेला. पण त्यापाठोपाठ रागही आला. माझ्या घरात, माझ्या कामाच्या वेळी! मी चप्पल काढली आणि त्या पट्टीवर पाय रोवला. पट्टी थांबली. मग खालून वर, हळूहळू, माझा पाय ढकलायला लागली. जिवंत माणसाने ढकलावा तसा.

"हे बघ," मी म्हटलं, "तुझं आयुष्य संपलं. माझी दुपार संपलेली नाही. सर बाजूला."

पट्टी सुटली. वासही गेला. मी घरंगळलेला स्क्रू शोधून काढला आणि पुन्हा कामाला बसले.

गुरुवारी सकाळी थंडी होती म्हणून माझा कामाचा कोट घालायला घेतला. हात बाहीत घातला आणि मनगटाशी अडला. बाहीचं तोंड शिवलेलं होतं. दुसरीचंही. बारीक, एकसारखे, काळ्या दोऱ्याचे टाके. असे की कुणालाही हेवा वाटावा. माझ्याकडे काळा दोराच नव्हता त्या दिवसांत. शेजारी ह्यांचा कोट होता, त्याला काही झालं नव्हतं.

हे खुर्चीत बसले. कान पांढरे पडले होते. "पाठव ते मशीन... आत्ता पाठव."

"शनिवारी पाठवणार. चालू करून."

"अगं, माझं ऐक एकदा..."

"घेतलेलं काम अर्धवट परत केलं नाही कधी. मेलेल्या माणसाच्या धाकाने तर मुळीच करणार नाही." एवढं बोलून मी टाके उसवायला बसले. दोन्ही बाह्या उसवल्या, कोट घातला, काम केलं. शुक्रवारी पुन्हा शिवलेल्या. पुन्हा उसवल्या. आणि करडा तुकडा दोन्ही दिवस पायाखाली. मीही दोन्ही दिवस तो वहीत. त्याला चिवटपणात जोडीदार भेटला होता. शुक्रवारी दुपारपर्यंत चाक लोण्यासारखं फिरायला लागलं. नवा पट्टा घातला, पांढरा दोरा ओवला, बॉबिन भरली. पण पहिली शिवण मी घातली नाही. ती त्या बाईची होती.

शनिवारी बाराला ती आली. मी आधी सगळं सांगितलं. लपवून बसवणं बरोबर नव्हतं. माझा कोट तिच्या हातात दिला. त्या दिवशीही बाह्या बंद होत्या, आणि मी मुद्दाम उसवल्या नव्हत्या.

तिने टाक्यांवरून बोट फिरवलं आणि खालीच बसली. "त्यांचेच. बाबांचे." मग मशीनच्या पायाखालचा करडा तुकडा तिने ओढून काढला आणि उलगडला. मी चार दिवस घडी न उघडता चिकटवत बसले होते. म्हणे जुन्या कापडाची मला पारख! ती एका लहान मुलीच्या बाहीची कड होती. कफ, बटणासकट. तोंड शिवून बंद केलेलं.

"माझा शाळेचा फ्रॉक होता," ती म्हणाली. "मी दहा वर्षांची होते. बाबा जेवायला गेले तेव्हा मी मशीनवर बसले. तर त्यांनी... अंगातच ठेवून दोन्ही बाह्या शिवून टाकल्या. दोन दिवस. आई भरवायची मला. भाऊ हसायचा. मग आईने रात्री कापून काढल्या." कफाचं बटण चाचपत म्हणाली, "हा तुकडा त्यांनी जपून ठेवला होता, हे मला माहीत नव्हतं."

"मी नेते भंगारात, तू म्हणत असलीस तर," मी म्हटलं. तसं म्हणताना मला स्वतःचीच लाज वाटली.

ती उठली आणि मशीनसमोर बसली. "नाही. मी शिवणार."

तिने एक पांढरं फडकं मशीनच्या पायाखाली घेतलं, स्वतःचा पाय पट्टीवर ठेवला. पट्टी हलेना. तिने जोर लावला. इस्त्रीचा वास आला, यावेळी इतका दाट की डोळे झोंबले. आणि ती कण्हली.

"काकू... हात."

मी बघितलं. भर दुपारी, माझ्या डोळ्यांसमोर, तिच्या डाव्या बाहीचं तोंड आवळत होतं. काळा दोरा कापडातून आत जात होता, बाहेर येत होता. सुई दिसत नव्हती. बोटं आतच अडकली होती. मग उजवी बाहीही आवळायला लागली. ती दहा वर्षांच्या पोरीसारखी रडत होती, पण उठली नाही हो जागची.

माझी मोठी कात्री हाताशीच असते. "कापू?"

"कापा!"

मी खांद्यापासून डावी बाही कापून ओढून काढली. उजवीला हात घालणार तोच तिने माझ्या हातातून कात्री घेतली, मोकळ्या झालेल्या हाताने दुसरी बाही स्वतःच कापली आणि दोन्ही जमिनीवर फेकल्या. त्या थंडीत उघडे दंड घेऊन बसली आणि रिकाम्या खोलीला म्हणाली, "आता काय शिवणार बाबा? शिवा ना!"

पट्टी खाली गेली. मशीन चालू झालं. काय आवाज होता तो! चाळीस मशिनं ऐकलीत मी, तसा आवाज नाही ऐकला. तिने फडक्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिवण घातली. सरळ, पांढरी. मग करडा कफ घेतला, त्याचं तोंड टाका टाका करून उसवलं, कड दुमडून नीट शिवली. हात बाहेर येईल अशी. आणि तो माझ्या वहीत ठेवून म्हणाली, "आता नाही जाणार तो कुठे."

खरंच नाही गेला. अजून आहे, दाखवीन तुम्हाला. ती त्या मशीनवर रोज शिवते, भाऊ आता तिच्याकडूनच विजारी आखूड करून नेतो. हा झगाही तिनेच शिवलेला. माझा तो कोट मी तिच्याकडून उसवून घेतला आणि खुंटीला लावला.

पाच वर्षं काही झालं नाही. मग तीन वर्षांपूर्वी, एका सकाळी, त्याच कोटाच्या बाह्या पुन्हा बंद. ते मशीन तर दोन गल्ल्यांपलीकडे, तिच्या घरी. त्याच्यावर ती बसलेली. म्हणजे हे काम इथल्याच कुठल्यातरी मशीनवर होतंय. चाळीसही तपासली. सगळ्यांत मी पांढराच दोरा ठेवते, आणि टाके काळे. या वेळी ते तितके सुबकही नाहीत. नवशिक्याचे वाटतात, म्हणजे तिचे बाबा नव्हेत, दुसरंच कुणीतरी.

मी त्याच दिवशी माझ्या सगळ्या कपड्यांच्या बाह्या कापून टाकल्या. ज्याला कुणाला शिवायचंय त्याने शोधत बसावं. मी मशिनं गोळा करायचं सोडणार नाही.

चला, तुमचं हातमशीन बघू. आणि जाताना कोट घालाल, तेव्हा आधी बाहीत हात घालून बघा. अडला तर घाबरू नका. कात्री इथेच आहे.