उरायला हवं होतं ते घमेलं

भिंतीच्या आतून फोन वाजत होता.

गोदामातल्या सगळ्यांनी तो ऐकला. औषधांच्या त्या गोदामाचा मॅनेजर आदल्या संध्याकाळपासून बेपत्ता होता. त्याची बायको फोन लावत होती आणि घंटी येत होती ती मागच्या जुन्या जनरेटर-खोलीतून. त्या खोलीचं दार विटांनी बुजवायचं काम चाललं होतं. काल छातीपर्यंत आलेली भिंत आज वरपर्यंत पुरी झालेली होती.

पोलिसांनी वरचे थर फोडले. आत मॅनेजर पडला होता. डोक्यात घाव होता आणि चष्म्याची एक काच फुटलेली. काचेचा एक तुकडा काही केल्या सापडला नाही.

गवंड्याला तिथल्या तिथे बेड्या पडल्या.

"उद्या सकाळी दादाला कोर्टात उभं करणार आहेत," गवंड्याची बहीण म्हणाली. शिलाईचं काम टाकून ती तशीच आली होती; मापाची टेप अजून गळ्यात होती. "साहेब, त्याच्या तोंडाला लगाम नाही, हे मान्य. पण तो माणूस मारणारा नाही हो."

समोर बसलेल्या खासगी तपासनिसाला लोक 'ओळंबा' म्हणत. पूर्वी तो विमा कंपनीसाठी पडलेल्या इमारतींची पाहणी करायचा. तिरकं काही त्याला बघवत नसे, मग ती भिंत असो की जबानी.

"तोंडानं काय केलं?" त्याने विचारलं.

"मॅनेजरनं परवा सगळ्यांसमोर त्याला दोन थर पाडायला लावले. तिरके आहेत म्हणे. दादा म्हणाला, एक दिवस यालाच भिंतीत घालतो."

"वा!" कोपऱ्यातून ओळंब्याचा मेहुणा म्हणाला. निवृत्त ड्रायव्हर असलेला हा गृहस्थ प्रत्येक तपासात सोबत असे आणि प्रत्येक वेळी चुकीच्या माणसावर पैज लावत असे. "भावजी, हे प्रकरण अवघड दिसतंय."

"चला मेहुणे, गाडी काढा."

गोदामात फौजदार वैतागलेलाच होता. "कशाला वेळ घालवताय? मागच्या दाराची किल्ली गवंड्याकडे होती. धमकी त्याची. आणि हे ऐका. काल घरी जाताना त्यानं उरलेल्या भिंतीसाठी माल काढून ठेवला होता, अर्धी गोणी सिमेंट आणि सहा घमेली वाळू. भिंत पुरी झाली आणि चिमूटभर माल उरला नाही. एवढा नेमका हात दुसऱ्या कुणाचा असणार?"

"उरला नाही," ओळंबा पुटपुटला. "कुठे सांडलेला, फेकलेला?"

"आवार पालथं घातलं. गटारसुद्धा."

ओळंबा फोडलेल्या भिंतीपाशी उकिडवा बसला. खाली पडलेल्या विटा तो एकेक उचलून उलटून बघू लागला. प्रत्येक विटेच्या एका अंगाला लांबट खळगा होता, चहाचा लहानसा कप रिकामा होईल एवढा. या विटांचे खळगे कोरडे होते. माल फक्त कडांना चिकटलेला. मग शाबूत भागातली, छातीच्या उंचीवरची एक वीट त्याने छिन्नीने सोडवली. तिचा खळगा मालाने गच्च भरलेला होता.

"वरच्या भागात विटा किती असतील?"

मेहुण्याने डोळ्यांनीच माप घेतलं. "दीडशेच्या आतबाहेर. का हो?"

"सहज."

मालक वरच्या ऑफिसात येरझाऱ्या घालत होता. "काल दुपारीच मॅनेजर मला म्हणाला, मुदत संपलेल्या औषधांवर नवी लेबलं लागतायत. कोण लावतंय ते उद्या पुराव्यानिशी सांगतो. आता तो उद्या आलाच नाही."

"रात्री इथे कोण होतं?"

"मी इथे, स्टोअरकीपर खाली, वॉचमन पुढच्या गेटवर. माझ्याकडे असं बघू नका. मला साधा खिळा ठोकता येत नाही, बायकोला विचारा."

वॉचमन धिप्पाड होता. "गेट सोडून हललो नाही. गवंडी संध्याकाळी गेला. मागून परत आला असेल तर मला कसं दिसणार?"

"भिंत बांधता येते तुला?"

"दहा वर्षं याच गवंड्याच्या हाताखाली थापी धरलीय. कंबर गेली म्हणून ही नोकरी."

मेहुण्याने ओळंब्याला कोपर मारलं. "हाच! लिहून देतो."

"लिहून नका देऊ. मागच्या वेळचं अजून माझ्याकडे आहे."

स्टोअरकीपरची केबिन जनरेटर-खोलीच्या शेजारी होती. टेबलावर पेन्सिलींची थोटकं उंचीप्रमाणे लावलेली, पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवलेली. स्वतः तो शांत, नीटनेटका.

"गवंड्याला सिमेंट मीच दिलं. लागेल तेवढंच देतो. आमच्याकडे सुतळीचा तोडासुद्धा वाया जात नाही."

"उंबरठा छान केलाय हो," मेहुणा म्हणाला. "आमचा असाच फुटका आहे. रोज ठेच लागते, रोज बायको हसते."

"गवंड्यानंच केलाय. महिना झाला."

ओळंब्याच्या हातातून किल्ली निसटून उंबरठ्यावर पडली. ती उचलायला त्याला जरा वेळच लागला.

बाहेर येऊन त्याने किल्लीचं टोक रुमालाला पुसलं. रुमालावर करड्या वाळूचा रेघोटा उमटला.

"फौजदारांना बोलवा. सगळ्यांनाच बोलवा. आणि छिन्नी असू द्या."

सगळे केबिनसमोर जमले. गवंड्याची बहीण दाराला धरून उभी होती.

"फौजदारसाहेब, तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे माल नेमका संपला," ओळंबा म्हणाला. "तोच मला खटकला. गवंडी वीट खळगा वर करून बसवतो. वरच्या थराचा माल त्या खळग्यात उतरतो, भिंत घट्ट होते. खालच्या भागात तसंच आहे. वरच्या भागात प्रत्येक वीट उपडी बसवलीय. खळगे रिकामे."

"घाईत बसवल्या असतील," फौजदार म्हणाला.

"असतील. पण मग हिशोब बदलतो. गवंड्यानं माल काढला तो खळगे भरायचे धरून. एका खळग्यात लहान कपभर. दीडशे विटा, दीडशे कप. ते भरलेच नाहीत, तर माल नेमका संपेल कसा? घमेलंभर उरायलाच हवा."

ओळंबा वॉचमनकडे वळला.

"वॉचमननं दहा वर्षं थापी धरलीय. हा हात विटा उपड्या बसवणार नाही. ज्यानं बांधली त्याला थर दोरीत आणता येतात, कारण गवंड्याची दोरी ताणलेलीच होती. पण वीट बसवायची कशी, हे त्यानं कधी पाहिलेलं नाही. भिंत संपली आणि त्याच्यासमोर घमेलंभर ओला माल उरला. दुसरा कुणी गटारात लोटून मोकळा झाला असता. मालकांनी तर नक्कीच."

"नक्कीच," मालक घाईने म्हणाला.

"पण इथे एक माणूस आहे ज्याला सुतळीचा तोडा टाकवत नाही." ओळंब्याने बुटाच्या टोकाने उंबरठा दाखवला. "तीन फूट लांब, वीतभर रुंद, दोन बोटं जाड. एक घमेलं."

"महिना झाला त्याला!" स्टोअरकीपरचा आवाज पहिल्यांदाच चढला. "गवंड्यानंच केला, सांगितलं ना!"

"महिन्याचं सिमेंट किल्लीनं खरवडलं जात नाही. फोडा."

छिन्नीचे तीन घाव बसले. आतला माल अजून काळपट, ओलसर होता. फौजदाराने ढेकळं बोटांनी चुरली आणि मधेच थांबला. त्याच्या तळहातावर काचेचा वाकडा तुकडा होता.

"मॅनेजर वाळूच्या ढिगाऱ्यापाशी पडला," ओळंबा हलकेच म्हणाला. "त्याच वाळूत माल कालवला गेला. आता सांगा, काल संध्याकाळी फुटलेली काच महिन्यापूर्वीच्या उंबरठ्यात कशी गेली?"

स्टोअरकीपर खाली बसला. सवयीने त्याने जमिनीवरची ढेकळं गोळा करायला सुरुवात केली. मग आपण काय करतोय हे कळून त्याचे हात थांबले.

"पुरावा उद्या देतो म्हणाला," तो म्हणाला. "ऐकतच नव्हता. मी म्हणत होतो, एवढी औषधं फेकून कशी द्यायची?"

गवंड्याला अंधार पडायच्या आत सोडलं. बहिणीने त्याचा दंड धरला तो सोडेचना. तो मात्र हत्यारांची पिशवी घ्यायला म्हणून थेट गोदामातल्या त्या भिंतीपाशी गेला आणि पडलेली वीट उचलून उलटी करून बघत राहिला.

"चल ना दादा, घरी."

"थांब." त्याने विटेचा रिकामा खळगा फौजदारापुढे धरला. "आणि तुम्ही म्हणालात, ही भिंत मी बांधली?"