नऊ नंबरची खुर्ची

आर्डिथ लिंडक्विस्टने एकतीस वर्षं नेब्रास्कात शाळेच्या बसगाड्यांचे मार्ग आखले होते. त्यामुळे नवऱ्याला घेऊन कोलोरॅडोच्या डोंगरात जायचं ठरलं, तेव्हा तिने आधी वही काढली आणि मग बॅगा. प्रत्येक मुक्कामाला एक पान. अठ्ठावीस फुटांची मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, मावेल का, वीज-पाण्याची जोडणी आहे का, रस्त्याला चढ किती, आणि पानाच्या माथ्यावर लाल शाईत उंची. काल झोपलो त्याच्यापेक्षा आज हजार फुटांहून जास्त वर झोपायचं नाही, हा तिचा कायदा होता. मर्विनची फुप्फुसं धान्याच्या कोठारांतली धूळ खाऊन निम्मी झाली होती. बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा पंच्याऐंशीच्या खाली गेला की तडक उतरायचं, विचार करत बसायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं.

"एव्हरेस्टवर जाणारेसुद्धा इतकं लिहीत नसतील," मर्विन म्हणायचा.

एकच पान पेन्सिलीने लिहिलेलं होतं. हेरॉन तळं, दहा हजार सातशे फूट. शेहेचाळीस वर्षांपूर्वी, लग्न झाल्या झाल्या, त्यांनी तिथे तंबू ठोकला होता.

"एकदा त्या काठावर बसू दे, आर्डी. मग मेलो तरी चालेल."

"तू मेलास तर गाडी मागे कोण घेणार? मला रिव्हर्स जमत नाही."

तिने डॉक्टरला गळ घालून एक रात्र मंजूर करून घेतली. तीन रात्री घेतल्याशिवाय जागा मिळत नव्हती, म्हणून तीन घेतल्या.

सोमवारी दुपारी ते पोहोचले. तळ्याकाठच्या मुक्कामाच्या जागांची देखरेख करणाऱ्या ट्रूडीने नऊ नंबरच्या जागेच्या खांबाला चिमट्याने कार्ड अडकवलं. लिंडक्विस्ट, दोन माणसं, गुरुवारी दुपारी बारापर्यंत. मर्विनने आपली हिरव्या पट्ट्यांची घडीची खुर्ची तळ्याकडे तोंड करून मांडली आणि तो तिच्यात ऐसपैस बसला.

"आता मी इथून हलत नसतो," तो म्हणाला.

सकाळी आकडा ब्याऐंशी होता आणि त्याचे ओठ जांभळट दिसत होते. आर्डिथने दहा मिनिटांत पाण्याची नळी सोडली, चाकांखालचे ठोकळे काढले आणि त्याला सीटवर बसवून पट्टा लावला. खुर्ची मात्र तिने तिथेच ठेवली. खांबाला कार्ड आणि चुलाण्यापाशी खुर्ची असली की जागा धरलेली आहे असं सगळे समजतात, कुणी तिला हात लावत नाही. दोन दिवसांत त्याला बरं वाटलं, तर तासाभरासाठी पुन्हा आणता येईल, असा तिचा हिशेब होता. बिचाऱ्याची हौस अर्धवटच राहिली होती.

ते थेट कॅन्यन सिटीला उतरले. पाच हजार तीनशे फूट. कॉटनवुडच्या झाडांची सावली, कडक ऊन, समोर दुकानाचं पार्किंग. इथे आल्यावर आकडा झरझर चढायला हवा होता. तो ब्याऐंशीवरच होता. तिने सेल बदलले. स्वतःच्या बोटाला लावून पाहिलं, तर सत्त्याण्णव.

बुधवारी दवाखान्यात छातीचे फोटो काढले. फुप्फुसांत पाणी नव्हतं. नळीने ऑक्सिजन दिला तरी आकडा हलला नाही. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तीन वेगवेगळी यंत्रं लावून पाहिली.

"किती वरून आलात?" त्यांनी विचारलं.

"कालच उतरलो."

"म्हणजे आज वर नव्हता ना?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि आर्डिथला त्यांच्या आवाजातला संशय आवडला नाही. त्यांनी दाखल व्हायला सांगितलं, पण मर्विन ऐकेना. बंद खोलीत जीव गुदमरतो म्हणाला. शेवटी सिलिंडर घेऊन ते परतले.

झाडाखाली, तिच्या खुर्चीत, तो अंगात जाड कोट घालून बसला. नव्वद फॅरनहाइटच्या उन्हात त्याचे दात वाजत होते. श्वासाची घरघर गाडीच्या दारापर्यंत ऐकू येत होती.

"आज तळ्यावर वारा आहे," तो पार्किंगकडे बघत म्हणाला. त्याच्या कोटाला ओल्या पाइनचा वास येत होता.

त्याने काहीतरी खावं म्हणून तिने ओट्यावरचं वेफर्सचं पाकीट उचललं. घाट चढताना हवा विरळ होत गेली तसं ते उशीसारखं फुगलं होतं, खाली आल्यावर ढिलं पडलं होतं. ते नेहमीचंच. ती पाकीट घेऊन झाडाखाली गेली आणि ते तिच्या हातात कुरकुरलं. प्लॅस्टिक ताणलं गेलं. पाकीट टम्म झालं.

ती तीन पावलं मागे सरली. ढिलं.

पुढे आली. टम्म.

असं तिने चारदा केलं.

"काय गं, नाचतेस काय?" मर्विनने विचारलं.

तिने आत जाऊन वही उघडली. आयुष्यात पहिल्यांदाच ती इतकी घाबरली होती की वहीत काय लिहायचं ते सुचेना.

गुरुवारी बारा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. पाकीट हातात घेऊनच ती मर्विनच्या शेजारी बसली होती. आकडा चौऱ्याहत्तर होता. दवाखान्याची गाडी बोलावून झाली होती.

"आर्डिथबाई, ट्रूडी बोलतेय. अहो, बारा वाजून गेले. नऊ नंबरचे नवे लोक ताटकळलेत. तुमच्या मालकांना जरा समजवा ना, ते उठतच नाहीत."

"कोण उठत नाही?"

"मर्विन, आणखी कोण? मंगळवारपासून खुर्चीत बसून आहेत. काल एवढ्या गारा पडल्या, तरी ढिम्म. मला वाटलं, तुम्ही गाडी घेऊन सामान आणायला गेलात. तुमचं कार्ड आहे तोवर मी तरी कसं उठवणार?"

मर्विन तिच्या समोर होता. तिचा हात त्याच्या गुडघ्यावर होता. गुडघा थंडगार लागत होता.

एकतीस वर्षांत आर्डिथने वाट चुकलेली बस कधी तशी सोडली नव्हती. चूक कुठे झाली ते शोधायचं आणि तिथे दुरुस्त करायची.

"ट्रूडी, कार्ड काढ. आत्ताच्या आत्ता. आणि खुर्ची मीट."

"बरं, बरं. काढते."

फोनमध्ये खडीवरची पावलं ऐकू आली. मग चिमट्याचा खट्ट आवाज.

तिच्या हातातलं पाकीट हलकेच ढिलं पडलं.

घरघर थांबली.

तिला रडू फुटलं, आनंदाने. जमलं होतं. तो खाली आला होता.

"उठले बाई एकदाचे," ट्रूडी सांगत होती. "पण अहो, रस्त्याकडे नाही येत ते. तळ्याच्या कडेने वर निघालेत, खिंडीकडे. चाल झकास आहे हं! दम कसा तो लागत नाही."

आर्डिथने मर्विनकडे पाहिलं. तो पार्किंगकडे बघत होता. त्याच्या बोटावर आकड्याच्या जागी दोन लहान आडव्या रेघा होत्या.

"थांबलेत," ट्रूडी म्हणाली. "मागे वळून हात करताहेत. तुम्ही येताय ना, असं विचारताहेत."