शेजारच्या सीटचा पट्टा

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, माझा आग्रह नाही. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. आणि माझी मावशी अशी बाई आहे की समोर साप आला तर आधी त्यालाच विचारेल, कुठून आलास आणि कोणाला विचारून आलास.

रात्र-बित्र काही नव्हती. मंगळवार होता. सकाळचे पावणेबारा. लख्ख ऊन.

मावशीची लाँड्री आहे. घरगुती कपडे घेत नाही ती. दवाखान्यांचे कोट, हॉटेलांच्या चादरी, कारखान्यांचे गणवेश. धुवायचे, इस्त्री करायचे, गठ्ठे बांधून पोचवायचे. पोचवायला एक जुनी व्हॅन. तेव्हा दुसऱ्याकडून घेऊन सहाच महिने झाले होते.

व्हॅन चालवायचे मास्तर. शाळेशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण चष्मा, घडीचा शर्ट आणि मोजकं बोलणं, म्हणून सगळे मास्तर म्हणायचे. पाच वर्षं मावशीकडे होते. एका रुमालाचा हिशेब कधी चुकला नाही.

एक दिवस गाडी परत आली ती पुढची काच तडकवून.

"कुत्रं आडवं आलं, ताई. जोरात ब्रेक मारला," मास्तर म्हणाले.

मावशीने विम्याच्या कंपनीला कळवलं. तिसऱ्या दिवशी त्यांचा सर्व्हेअर आला. नुकसान खरं की खोटं ते तपासणारा माणूस. त्याने काचेवरून बोट फिरवलं. बाहेरून. मग आतून. मग परत बाहेरून.

"शेजारच्या सीटवर कोण होतं?"

"कोणी नाही. ड्रायव्हर एकटाच असतो."

"बाई, नुसत्या ब्रेकने काच तडकत नाही. दगड लागला असता तर ती आत दबली असती. ही बाहेर फुगलीय." त्याने शेजारच्या सीटकडे बोट दाखवलं. "हे डोकं आपटल्याचं आहे. आतून."

मावशीने वाकून काच आतून बघितली. त्याने वही मिटली.

"तुमची पॉलिसी कामाच्या गाडीची आहे. गाडीत कपडे आणि ड्रायव्हर. परकं माणूस बसवलं असेल आणि तुम्ही ते लपवत असाल, तर काच तर सोडाच, उद्या मोठा अपघात झाला तर कंपनी हात वर करेल."

तो गेला. पण मावशीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

तिने मास्तरांना बोलावलं. "खरं सांगा. कोणाला बसवता?"

"कोणाला नाही."

पण मास्तर हे बोलले ते जमिनीकडे बघून.

त्या दिवसापासून मावशी डोळ्यांत तेल घालून गाडीवर नजर ठेवायला लागली. आणि मग एकेक गोष्ट दिसायला लागली...

शेजारची सीट पार मागे सरकवलेली. लांब पायांच्या माणसाला लागते तशी.

आणि त्या रिकाम्या सीटचा पट्टा... लावलेला.

"हा कशाला लावता?"

"नाहीतर घंटी वाजते, ताई."

शेजारीच गॅरेज होतं. मावशीने तिथल्या मेकॅनिकला बोलावलं. तो सीटवर बसला. टिंग, टिंग, टिंग. उठला. बंद.

"सेन्सर ठणठणीत आहे, मावशी. वजन पडलं तरच वाजतो. रिकाम्या सीटवर कशाला वाजेल?"

म्हणजे मास्तर सरळ सरळ खोटं बोलत होते. पाणी कुठेतरी मुरत होतं.

दोन दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. चार कोट जास्तीचे धुवायला द्यायचे होते. बोलता बोलता तिथली रिसेप्शनिस्ट सहज म्हणाली, "मास्तरांबरोबर येतो तो माणूस फार शांत आहे हो. एकदाही खाली उतरला नाही."

मावशीच्या हातातलं पेन थांबलं.

"कसा आहे दिसायला?"

"चेहरा नाही दिसला कधी. मान खाली घालून बसलेला असतो."

झालं. मावशीला पुरावा मिळाला. त्याच संध्याकाळी तिने मास्तरांना कामावरून काढलं. पाच वर्षांच्या माणसाला पाच मिनिटांत.

मास्तरांनी वाद घातला नाही. किल्ली टेबलावर ठेवली. दारापर्यंत गेले आणि वळले.

"गाडी स्वतः चालवणार असाल तर पट्टा लावत जा."

"माझा पट्टा मला कळतो."

"तुमचा नाही, ताई. शेजारचा."

मावशीला वाटलं, जाता जाता टोमणा मारला.

आणि मग तो मंगळवार. नवीन ड्रायव्हर मिळेना म्हणून मावशी स्वतः निघाली. मागे गठ्ठे, पुढे ती एकटी. शेजारचा पट्टा तिने मुद्दाम काढून ठेवला. बघूच, म्हणाली.

पहिला चौक गेला. काही नाही.

दुसरा गेला. काही नाही. मावशी मनातल्या मनात मास्तरांना चार शब्द सुनावत होती.

तिसऱ्या चौकात सिग्नल लागला. गाडी थांबली.

आणि...

गाडी शेजारच्या बाजूला किंचित झुकली.

माणूस चढल्यावर झुकते तशी.

दार उघडलं नव्हतं. काच बंद होती.

टिंग... टिंग... टिंग...

मावशी सांगते, तेव्हाही तिला भीती नाही वाटली. राग आला. मास्तरांनी जाण्याआधी सेन्सरमध्ये काहीतरी करून ठेवलं, असंच तिला वाटलं. घंटी बंद करावी म्हणून तिने आडवा हात घालून पट्टा ओढला.

पट्टा पुरेना.

रिकाम्या सीटवरून सरळ आला असता तो. पण तो मध्ये कशावर तरी अडत होता. तिने जोर लावून ओढला, खटका बसवला. घंटी थांबली.

मग तिने नीट बघितलं.

पट्टा सीटला टेकलेला नव्हता. सीटपासून चांगला वीतभर वर होता. मध्ये काहीच नाही... आणि पट्टा ताणलेला.

थोडा सैल होत होता. परत ताणला जात होता. सैल... ताण...

सावकाश. झोपलेल्या माणसाची छाती हलते तसा.

मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. मावशीने गाडी कडेला घेतली, किल्ली तशीच ठेवली आणि उतरली. पदपथावर उभं राहून तिने मास्तरांना फोन लावला. मास्तरांनीच विचारलं, "कुठे आहात?"

वीस मिनिटांत ते आले. सायकलवर.

"पट्टा लावला ना?"

"लावला."

"मग काही होत नाही. त्या दिवशी घाईत मी विसरलो आणि नेमकं कुत्रं आडवं आलं."

मावशी म्हणाली, "मास्तर, चुकले मी. पण एका शब्दाने सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही आधी माझ्या तोंडाचा वास घेतला असतात, ताई."

खरंच होतं ते.

मास्तर परत कामावर आले. त्यांच्यासाठी भाड्याची दुसरी गाडी घेतली. काचेचा क्लेम मात्र अडकला. फॉर्ममध्ये एक रकाना होता: अपघाताच्या वेळी गाडीत किती माणसं होती. मावशीने तीनदा पेन टेकवलं. एक लिहवेना, दोन लिहवेना. शेवटी तो रकाना कोरा ठेवून फॉर्म दिला. कंपनीने क्लेम बंद केला.

विम्याचा एजंट कागद परत द्यायला आला तेव्हा हसत म्हणाला, "गंमत आहे. या गाडीचा जुना क्लेमही असाच बंद झालाय. आधीच्या मालकाच्या वेळचा. तीच काच, तीच बाजू."

"का बंद झाला?"

"तुमच्यासारखंच. त्यानेही तो एक रकाना कोरा ठेवला होता."

मावशीने त्या मालकाला बरेच फोन केले. नंबर बंद आहे. आजही बंदच आहे.

व्हॅन लाँड्रीच्या मागच्या भिंतीला उभी आहे. दीड वर्ष झालं. विमा मावशी दर वर्षी न चुकता भरते. मागच्या महिन्यात मी गेले होते, तेव्हा न राहवून म्हटलं, "विकून टाक ना एकदाची. गिऱ्हाईक तर आलं होतं."

मावशी चादरीची घडी घालत होती. हात थांबवले नाहीत तिने.

"आलं होतं गं. पण विक्रीच्या कागदावर लिहून द्यावं लागतं, गाडी रिकामी करून ताब्यात देत आहे म्हणून." तिने घडी नीट दाबली. "त्यावर सही कशी करू, तूच सांग."

निघताना मागच्या दाराने गेलं की रस्ता जवळ पडतो.

मी पुढच्या दाराने गेले.