गोटमारीच्या दिवशीचं लग्न

पळून जायची यादी अश्विनीने बी.एड.च्या वहीच्या शेवटच्या पानावर केली होती. बूट, ताडपत्री, पाण्याच्या बाटल्या, आधार कार्डं, दोन हार, हळदीचा डबा. जंगलात मोजक्या माणसांत लग्न कसं करावं, यावर मैत्रिणीच्या फोनवर तिला एक लेख सापडला होता. पावसाचा अंदाज बघा, वनखात्याला विचारा, निसरड्या दगडावर नवरीने उंच टाचा घालू नयेत, असं सगळं त्यात होतं. शेवटी लिहिलं होतं, घरच्यांना आधी विश्वासात घ्या, म्हणजे त्यांचं मन दुखावणार नाही. ते वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरच्यांचं मन! एप्रिलमध्ये अमोलने, तिच्या सख्ख्या भावाने, तिचा फोन दगडावर आपटून फोडला होता. तिच्या मार्कशीटा लोखंडी कपाटात कोंडून किल्ली करगोट्याला बांधली होती. बाप, कवडू, संत्र्याच्या दोन बागांचा मालक, सावरगावात कुणाला अरेतुरे न करणारा माणूस. त्याने आठ दिवसांत काटोलचं स्थळ आणलं. तिने पसंत केलेल्या गौतममध्ये खोट काय, हे कुणी तोंडाने बोलत नव्हतं. खोट एकच होती. तो बौद्धांचा होता.

गौतम पांढुर्ण्यातल्या एका खाजगी दवाखान्यात ड्रेसर होता. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं हे त्याचं काम. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि अलीकडून सावरगाव, पलीकडून पांढुर्णा दिवसभर एकमेकांवर दगड फेकतात. त्या दिवशी गौतम सहा वर्षं नदीकाठच्या शिबिरात डोकी बांधत आला होता. गेल्या साली अमोलचं डोकं फुटलं तेव्हा आठ टाके पडेपर्यंत ते यानेच धरून ठेवलं होतं. अश्विनी शेजारी उभी होती. तिथेच ओळख झाली. अमोलला हे आठवलं की तो अजून चवताळायचा.

तारीख तिनेच धरली. गोटमारीचा दिवस.

"सगळे नदीवर असतात. मले कोणी नाई पाहत," ती फोनवर म्हणाली होती. मैत्रिणीच्या, ऋतुजाच्या फोनवरून.

"त्याच दिशी?" गौतम म्हणाला. "त्या दोघाईचा दिवस हाय तो, आशू."

ते दोघं कोण, हे या दोन गावांत तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. सावरगावची पोरगी, पांढुर्ण्याचा पोरगा. पळून जाताना नदीच्या मध्यात गाठले गेले, आणि दोन्ही काठांवरून दगड आले. त्यांच्यासाठी गाव दरवर्षी हळहळतं, आणि हळहळून झालं की दगड उचलतं. अश्विनीला या गोष्टीची लहानपणापासून चीड होती. मेलेल्यांना हात जोडायचे आणि जिवंतांना कपाटात कोंडायचं.

"म्हणूनच," ती म्हणाली. "आपुन ओलांडून दाखवू."

नोंदणीची तारीख नागपूरला सोमवारची मिळाली होती. पण नुसती कचेरीत सही तिला नको होती. चोरासारखं लग्न का करायचं? चोरी तर घरच्यांनी केली होती. तिला उघड्यावर, आभाळाखाली उभं राहायचं होतं. पावसाळ्यात पेंचचं आतलं जंगल बंद असतं, पण बाहेरच्या पट्ट्यात, खमारपानीच्या बाजूला, फिरता येतं. सौसरचा अंकुर लग्नाचे फोटो काढायचा आणि ऋतुजा त्याच्याकडेच कामाला होती. दोघांनी आठ दिवस आधी जाऊन जागा पाहून ठेवली होती. नाल्याच्या काठी काळा सपाट कातळ, समोर साग, माणूस नावाला नाही.

पोळ्याच्या संध्याकाळी अमोल अंगणात गोटे रंगवत बसला होता. बैलांच्या शिंगांचा निळा रंग उरला की तो दरवर्षी आपल्या प्रत्येक गोट्याला एक बोट लावायचा. कोणाला लागला ते मागाहून कळलं पाहिजे, म्हणायचा. लहानपणी हे गोटे अश्विनीच फ्रॉकच्या ओट्यात गोळा करून आणायची. तेव्हा तो तिचा जीव की प्राण होता. तिच्या उजव्या हाताची करंगळी अर्धी होती. सात वर्षांची असताना कडबा कापायच्या यंत्रात गेली, आणि चाक अमोल फिरवत होता. तीन दिवस तो जेवला नव्हता.

"हा पाह्य," त्याने एक चपटा, तळहाताएवढा गोटा वर धरला. "हा तुह्या ड्रेसरसाठी ठेवला."

"तो गोटे मारत नाई कोणाले. बांधते तो. तुहंबी बांधलं होतं."

"त्याचाच तं राग हाय," अमोल म्हणाला, आणि त्याने गोट्याला निळं बोट लावलं.

सकाळी सातला ती निघाली. ऋतुजाकडे सौसरला जाते, असं सांगितलं. आई, यमुना, दारात बसून तांदूळ निवडत होती. तिने अश्विनीच्या पायातल्या नव्या बुटांकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे.

"गोटमारीच्या दिशी पोरीनं जाम ओलांडू नाई," ती म्हणाली.

"काऊन?"

"नाई ओलांडत. माही मायबी नोती ओलांडत."

"तुही माय तं काहीच ओलांडत नोती," अश्विनी ताडकन बोलली आणि चालू लागली. आईची बोटं तांदळात फिरत राहिली.

पुलावर पोलीस उभे होते. खाली नदीत झाड रोवून झालं होतं आणि बायका पूजेची ताटं घेऊन उतरत होत्या. गौतम पलीकडे मोटारसायकल घेऊन थांबला होता. ती मागे बसली, ओढणी तोंडाला गुंडाळली, आणि सौसरचा रस्ता लागला. कुणी हाक मारली नाही.

लोधीखेड्यात चहाला थांबले तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपले बूट आतून ओले आहेत. पाऊस नव्हता. रस्त्यात पाणी नव्हतं. तिने बूट काढून उलटा केला. थोडी वाळू पडली, काळसर, नदीची.

"आवाज येऊन राहिला का तुले?" तिने विचारलं.

गौतम ऐकत होता. लांबून माणसांचा गलका येत होता, शेकडो माणसांचा, मध्येच ढोल. पांढुर्णा इथून कितीतरी मागे राहिलं होतं.

"लाऊडस्पीकर असन कुठी," तो म्हणाला. चहा त्याने अर्धाच प्याला.

नाल्यावर पोचले तेव्हा साडेदहा वाजले होते. ऋतुजाने कातळावर ताडपत्री टाकून बुद्धाची छोटी मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि हार मांडले होते. अंकुर कॅमेरा गळ्यात अडकवून पाण्याकडे बघत उभा होता.

"हे नोतं," तो म्हणाला.

नाल्याच्या मधोमध पळसाचं एक झाड उभं होतं. वाहून आलेलं नव्हतं, कारण वाहून आलेलं झाड आडवं असतं. याचा बुंधा कुऱ्हाडीने तोडलेला, पाण्यात सरळ रोवलेला. वरच्या फांदीला काही बांधलेलं होतं, पण ते ओलं होऊन लोंबत होतं आणि रंग कळत नव्हता.

"कोणी गोंडांनी रोवलं असन, पूजेचं," ऋतुजा म्हणाली. तिलाही ते पटलेलं दिसलं नाही.

गौतमने अश्विनीकडे पाहिलं. "दुसरीकडं जाऊ."

"नाई." तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. नव्वद किलोमीटर! आता काय जंगलातसुद्धा यांना विचारायचं? "इथीच. मी नाई हलत."

हळद लावायला ऋतुजाशिवाय कुणी बाई नव्हती. आई नाही, मावशी नाही, मागे गाणी नाहीत. डब्यातली हळद अश्विनीने स्वतःच कालवली, स्वतःच्या तोंडाला फासली, मग गौतमच्या गालांना लावली. दोन्ही तळवे पिवळे झाले. ती हसली. सकाळपासूनचं ते पहिलं हसू होतं, आणि अंकुरने तेवढ्यात फोटो काढला.

डुब्ब.

पाण्यात काहीतरी पडलं. सगळ्यांनी पलीकडे पाहिलं. साग निश्चल उभे होते.

"वानरं असतीन," अंकुर म्हणाला.

दुसरा दगड कातळावर आपटला आणि घरंगळत अश्विनीच्या पायाशी आला. गोल, गुळगुळीत, ओला. तिने तो पायाने उलटा केला. त्याच्यावर निळ्या रंगाचं एक बोट होतं.

तिसरा आला, चौथा आला. पलीकडे एक पानही हललं नाही. दगड कुठून सुटतो ते दिसायचंच नाही. आभाळात एकदम असायचा, आणि खाली यायचा. आणि तो गलका, लोधीखेड्यातला, आता अगदी समोरच्या काठावर होता. भगाओ, भगाओ, गोटमारीतली तीच आरोळी. तिथे कुणी नव्हतं.

चपटा गोटा गौतमला लागला.

तो मटकन बसला. कपाळ फुटलं होतं, हळदीवरून रक्त उतरत होतं. सहा वर्षांच्या सवयीने त्याने खिशातून रुमाल काढून घडी केली आणि स्वतःच दाबून धरली.

"काही नाई. दोन टाके पडतीन," तो म्हणाला. "चाला, निंघू इथून."

ऋतुजा रडायला लागली. अंकुर सामान गोळा करत सुटला.

अश्विनी हलली नाही. तिच्या पायाशी तो गोटा पडला होता, तळहाताएवढा, ज्याला काल तिच्यासमोर रंग लागला होता. फोडलेला फोन, कोंडलेली कागदपत्रं, काटोलचं स्थळ, आणि आता हे. सुखाचा एक तास नाही. एक तास!

"अमोल!" ती रिकाम्या काठावर ओरडली. "अमोल्या!"

तिने गोटा उचलला.

गौतमने बसल्या जागेवरून तिचं मनगट धरलं. त्याचा हात रक्ताने निसरडा झाला होता.

"टाकू नको, आशू. सहा साल मी हेच पाहून राहिलो. लागला का तो फेकते, मंग इकडचा फेकते. म्हणून तं संपत नाई."

"सोड."

"आपुन निंघून आलो ना? जिंकलो ना? टाकू नको."

तिने मनगट हिसकलं आणि अंगातल्या सगळ्या जोरानिशी गोटा फेकला.

तो झाडाच्या वरून गेला. सगळे तो पडायची वाट बघत राहिले.

तो पडला नाही. पाण्यात नाही, पलीकडे नाही.

गलका थांबला. नाल्याचं पाणी तेवढं ऐकू येत होतं.

त्यानंतर एकही दगड आला नाही. त्यांनी हार घातले. गौतमने रुमाल बांधलेल्या डोक्याने त्रिशरण म्हटलं, ऋतुजा मागून म्हणाली. अंकुरने फोटो काढले, पण कुणाला काही दाखवलं नाही. अश्विनीचा राग कुठल्या कुठे गेला होता. तिला हलकं वाटत होतं, आणि तेच तिला आवडत नव्हतं. निघताना तिने मागे पाहिलं. पाण्यात झाड नव्हतं.

खमारपानीला पोचेपर्यंत चार वाजले. तिथे फोनला रेंज आली. ऋतुजाने तिला गुपचूप नवा फोन आणून दिला होता, त्याच्या नंबरची चिठ्ठी ती आईच्या तांदळाच्या डब्यात ठेवून आली होती. आईचे अकरा कॉल येऊन गेले होते. ती रस्त्याच्या कडेला उतरली आणि फोन लावला.

"आई."

"केलं का?" आईने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"हाव."

"बरं केलं." मागे पाण्याचा आवाज येत होता, काहीतरी घासल्याचा. "अमोल गेला."

"कुठी गेला?"

"गेला, बाई. साडेअकराले. डोक्यात लागला. समोरून आला म्हणते कोणी, वरून आला म्हणते कोणी. तुहे बाबा दवाखान्यात हायेत. मी घरी आली."

अश्विनीला बसायला जागा दिसेना. गौतम बाजूला उभा होता, डोक्याला रुमाल बांधून, काय झालं म्हणून हाताने विचारत. त्या शिबिरात आज तो नव्हता, एवढंच तिच्या मनात आलं.

"त्याले जो लागला तो गोटा मी उचलून आणला," आई सांगत होती. "पदराखाली. कोणाले दिसू नाई देल्ला. त्याचाच होता तो, निळं बोट होतं. त्याच्यावर हळद हाय, अश्विनी."

"आई..."

"कोणाले सांगत नाई मी. तू नांद." घासणं चालूच होतं. "मघापासून धुऊन राहिली. हळदीची चार बोटं निंघाली. करंगळी नाई निंघून राहिली. अर्धीच हाय, पण निंघतच नाई."