चावी सुदर्शनकडे होती

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायचीच असती, तर शेवट तरी बरा केला असता.

घडली गेल्या जुलैत, माझ्या मावसभावाच्या बाबतीत. वैजनाथ त्याचं नाव. वारज्यात राहतो. त्याच्या घरी खिळ्याला एक चावी लटकलेली असते, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

भुतंखेतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल इथंच थांबावं. हे दिवसाढवळ्या घडलं.

वैजनाथ मूळचा परभणीकडचा. पुण्यात येऊन पोकलेन चालवायला शिकला. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की ती उपसून रस्ता मोकळा करायचा, हे त्याचं काम. घाटाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथून रोज माणसं जातात, त्यांच्या जिवाला उगाच घोर नको.

सोबत त्याचा धाकटा भाऊ सुदर्शन असायचा. केबिनमध्ये बसलेल्याला डोंगरावरून काय सुटतंय ते दिसत नाही. म्हणून एक माणूस शिट्टी घेऊन उंचावर उभा राहतो. तो सुदर्शन. दोन छोट्या शिट्ट्या म्हणजे चालू दे. एक लांब शिट्टी म्हणजे थांब, मागे हो.

आणि दोघा भावांचा स्वतःचा एक नियम होता. लाल दोऱ्यात ओवलेली मशीनची चावी सुदर्शनकडे राहायची. आधी त्याने डोंगर नीट बघायचा, मग खाली येऊन चावी दादाच्या हातात द्यायची. एकमेकांचं तोंड बघून, हातातून हातात.

हा नियम एकदाच मोडला.

आदल्या रात्री वादळ झालं. वारज्यातसुद्धा पत्रे उडाले. सुदर्शनची बायको पूर्णिमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, घाटाच्या पलीकडे. पहाटे तिच्या आईचा फोन आला. कळा सुरू झाल्यात, बाळ आडवं आहे, खालच्या पुलावर पाणी आहे. पुण्यालाच आणावं लागेल.

सुदर्शनने अंगात रेनकोट चढवला आणि बाईकला किक मारली.

"दादा, मी पुढं जायलोय. चावी माझ्याकडंय. तू जीपनं ये!"

"अरे, चहा तर घे."

"तिकडंच घेऊ!"

हे त्याचे शेवटचे शब्द. वैजनाथला तो न घेतलेला चहा अजून सलतो आहे.

जीप घाटात पोचली तेव्हा धुक्याने हाताला हात दिसत नव्हता. पहाटेच दरड आली होती. पुढचा रस्ता दिसतच नव्हता, नुसता चिखल, दगड आणि मुळासकट आलेली झाडं. अलीकडे पोकलेन उभं होतं. पलीकडे ॲम्ब्युलन्स अडकली होती आणि तिच्यात पूर्णिमा होती.

मुकादम रविराज धावत आला. "वैजनाथ, हात चालव बाबा. पोलिसांच्या वायरलेसवर निरोप आलाय. पलीकडच्या बाईचं काही खरं नाही."

"असं बोलू नका साहेब. भावजय आहे माझी."

रविराज बाजूला सरला.

सुदर्शन कुठे दिसेना. त्याची बाईकही नव्हती.

पण मशीनच्या सीटवर चावी पडली होती... लाल दोऱ्याची. ओलीचिंब.

बाईक कुठेतरी आडोशाला लावून वर गेला असेल, वैजनाथला वाटलं. बायको तिकडे अडकलेली, त्याला धीर कुठला?

"सुदर्शन!"

वैजनाथने तोंडाशी हातांचा कर्णा केला.

"सुद्या! वर हायस का?"

मग वरून, धुक्यातून... दोन छोट्या शिट्ट्या.

वैजनाथने चावी फिरवली.

काम सुरू झालं. थोडा चिखल उपसला की तो मशीन बंद करून कानोसा घ्यायचा. दर वेळी दोन शिट्ट्या यायच्या. रविराजलाही त्या ऐकू येत होत्या. एकदा मध्येच लांब शिट्टी आली. वैजनाथने मशीन मागे घेतलं, आणि जिथे केबिन होती तिथे म्हशीएवढा दगड येऊन आदळला.

"भाऊ देवमाणूस आहे तुझा," रविराज म्हणाला.

वैजनाथ हसला. पण त्याच्या मनात काहीतरी टोचत होतं. सुदर्शन एवढा गप्प कधी नसायचा. तो वरून ओरडायचा, दादाची टिंगल करायचा, "बकेट हाय का चमचा?" म्हणायचा. आज आवाज नाही. पावलांची चाहूल नाही. टपरीवरून आलेला चहा वैजनाथने मशीनच्या पट्ट्यावर ठेवला होता. एरवी सुदर्शन वासावर खाली यायचा.

चहात पावसाचं पाणी भरत होतं.

दुपार कलली. पलीकडच्या ॲम्ब्युलन्सचा दिवा धुक्यात पुसट दिसू लागला. आता जीपभर लांबीचाच चिखल उपसायचा राहिला होता. वैजनाथने बकेट खाली घेतली...

आणि लांब शिट्टी वाजली.

ती थांबेचना. जीव तोडून वाजत होती.

वैजनाथने वर पाहिलं. डोंगर शांत होता. एक खडा हलत नव्हता.

त्याने मशीन बंद केलं.

आता नीट ऐकू आलं.

शिट्टी वरून येत नव्हती... बकेटच्या खालून येत होती.

वैजनाथने उडी मारली. तो चिखलात पोचला तशी शिट्टी बंद झाली. त्याने हातांनी माती उकरली. आधी बाईकचा आरसा लागला, मग पिवळा रेनकोट.

सुदर्शन तिथे होता. पहाटेपासून तिथेच होता. बकेटचा साधा ओरखडाही त्याला लागला नव्हता. गळ्यातली शिट्टी चिखलाने गच्च भरली होती. तिच्यातून वारासुद्धा जाणं शक्य नव्हतं.

उजव्या हाताची मूठ आवळलेली होती. रविराजने ती हळूच उघडली.

आत चावी होती. लाल दोऱ्याची.

वैजनाथ उठून मशीनकडे गेला. ज्या चावीने त्याने दिवसभर मशीन चालवलं, मघाशी ज्या चावीने बंद केलं, ती तिथे नव्हती. चावीची जागा रिकामी होती.

तेवढ्यात पलीकडून एक किंकाळी आली. पूर्णिमाची.

"वैजनाथ," रविराज त्याचा खांदा धरून म्हणाला, "दुसरा ऑपरेटर यायला वेळ लागेल रे."

माणसाने अशा वेळी काय करावं, हे तुम्हीच सांगा. मला विचार करूनही सुचत नाही.

वैजनाथ भावापाशी बसला. त्याच्या गालावरचा चिखल पुसला. तोंड नीट पाहिलं. मग त्याच्या हातातून चावी स्वतःच्या हातात घेतली.

रस्ता मोकळा झाला.

सुदर्शनला तोवर कडेला घेऊन ताडपत्रीखाली ठेवलं होतं. ॲम्ब्युलन्स सावकाश अलीकडे आली आणि वैजनाथजवळ थांबली. खिडकीतून पूर्णिमाने हात बाहेर काढला.

"भाऊजी... हे कुठं हायत?"

ताडपत्री हातभर अंतरावर होती.

"वर आहे," वैजनाथ म्हणाला. "डोंगरावर. तू जा, तो मागून येतोय."

"ठावं हाय मला. दिसभर शिट्ट्या ऐकत हुते. त्याच आधारावर तग धरला."

ॲम्ब्युलन्स पुण्याकडे निघाली. वळणावर तिचा दिवा दिसेनासा झाला, आणि वरून, रिकाम्या डोंगरावरून... दोन छोट्या शिट्ट्या आल्या.

चालू दे.

वैजनाथ ताडपत्रीपाशी जाऊन बसला आणि लहान पोरासारखा रडला.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत, वारज्यातच असतात. पूर्णिमा एकदाच म्हणाली, "भाऊजी, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात." वैजनाथने मान खाली घातली. मग तीच म्हणाली, "का खरंच हुते वर?"

ती चावी त्याने घरात खिळ्याला अडकवली. मशीनसाठी दुसरी करून घेतली.

आता यंदाच्या जूनची गोष्ट. पुन्हा वादळ झालं, पुन्हा त्याच घाटात दरड आली. सकाळी वैजनाथ निघाला तेव्हा खिळा रिकामा होता. पोरीने खेळायला घेतली असेल म्हणावं, तर ती अजून पाळण्यात असते.

घाटात पोचला. धुकं होतं.

मशीनच्या सीटवर चावी होती... लाल दोऱ्याची.

वैजनाथने तिला हात लावला नाही. दुसरी चावीही खिशातून काढली नाही. नवा मुकादम खेकसला, साहेबांचे फोन आले, अडकलेले लोक हॉर्न वाजवत राहिले. तो मशीनखाली उभा राहून वर बघत होता.

"सुद्या," तो म्हणाला, "आधी तोंड दाखव. तोंड बघितल्याबिगर चालू करायचा नाही मी."

वरून शिट्टी आली नाही. कुणी उतरून आलं नाही. शेवटी दुसऱ्या माणसाला बोलावून, दुसऱ्या मशीनने तो रस्ता उघडावा लागला.

दिवस मावळताना वैजनाथने ती चावी उचलली. दिवसभर पाऊस होता, केबिनचं दार सताड उघडं होतं, सगळं गारठलं होतं.

चावी गरम होती. कुणीतरी बराच वेळ मुठीत धरून ठेवल्यासारखी.